दिवस

गिरणीतला डॉक्टर दर महिन्याला
आमचे दिवस मोजायचा, सुताच्या लडींसारखे.
वेतुरियाला दिवस गेले होते. चौथ्यांदा.

ब्राइलातली थंडी, गॅस मिणमिणता,
पातेलंभर पाणी उकळायला तास गेला.
बाईने आधी सिगारेटची पाकिटं मोजली,
मग हात धुतले.
मी रेडिओ मोठा केला:
पोलादाचं उत्पादन वाढलं होतं.

वेतुरियाने उशीचा अभ्रा चावला.
ओरडली नाही. भिंतीपलीकडे
सार्जंटची बायको जागी असायची.

पहाटे ताप. 'दवाखाना नको,' म्हणाली,
'तिथे सुईच्या आधी विचारतात,
कुणी केलं.'

संध्याकाळी दाराशी
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पेनिसिलिन.
पावलं भिंतीपलीकडे गेली.

नंतर जिन्यात भेटली सार्जंटीण.
म्हणाली, यंदा नदी लवकर गोठली.
मी म्हटलं, हो ना,
फारच लवकर.