शेवटची आठ पानं

गुरुसिद्धनं पहिलं पुस्तक दिलं
ते सुताच्या पोत्यात गुंडाळून,
जणू आत कुंद्याचा डबा आहे.
"ओदि नोड," म्हणाला, "खरं, रात्री नको."
मी रात्रीच वाचलं.
वडगावात लाईट गेली, माग थांबले,
बॉबिनच्या खोक्यावर बसून, मोबाईलच्या उजेडात.

त्यातलं शहर नुसतं भिंतींचं.
दार वाजवायला परवाना लागतो तिथं,
आणि एक आई लेकाच्या उंबऱ्यावर
अर्ज भरता भरता म्हातारी होते.

दुसऱ्यात भिंतच नाही.
सगळ्यांना सगळं वेळेवर पोचतं,
म्हणून कुणी कुणाला
"जेवलास का" विचारत नाही.
एवढंच. बाकी सगळे सुखात.

जास्त भयाण कुठलं?
तीन महिने भांडलो, शहापूरच्या चहाच्या गाड्यावर.
तो म्हणायचा, पहिलं.
मला आलेली प्रत्येक नोटीस तोच वाचून दाखवतो,
तरी भिंतीची भीती त्यालाच जास्त.
मी म्हणायचो, दुसरं.
का ते नीट सांगता यायचं नाही.

त्याचं पुस्तक कन्नड, माझं मराठी,
मूळ कुठल्या थंड देशातलं, ते दोघांनाही येत नाही.
त्या शहरात रात्री उचलून नेलेल्या माणसाला
माझ्या पुस्तकात म्हणतात "अनुपस्थित".
शाळेच्या हजेरीतला शब्द, मी पुढं वाचत गेलो.
त्याच्यात काय, विचारलं,
तर म्हणाला, "ऊरिगे होग्यान."
गावाला गेलाय.
त्या रात्री मी कडी दोनदा तपासली.

दुसरं पुस्तक मी रद्दीतून उचललेलं, किलोवर.
शेवटची आठ पानं नव्हती,
कुठंतरी शेंगदाणे बांधून गेली असणार.
शेवट गुरुसिद्ध सांगायला लागला
सेकंड गेटला, फाटक पडलेलं असताना,
अर्धा कन्नडात, अर्धा माझ्यासाठी.
ती बाई शेवटी समुद्रावर जाते, तिथं एक म्हातारा असतो,
आणि तो तिला म्हणतो—
मालगाडी आली.
गुरुसिद्ध थांबला नाही.
डबे संपेपर्यंत त्याचे ओठ हलताना बघत होतो मी,
हात एकदा वर गेला, एकदा छातीशी आला.

फाटक उघडलं, मागून हॉर्न सुरू.
"मुंद एनातु?" मी ओरडलो.
"सांगितलं की सगळं!"
आणि गाडीवर मागं बसत, सवयीनं,
"ऊट आतु?"

नाही, म्हटलं. अजून नाही.