उसना डोंगर

अभ्यासदौऱ्यातली एक दुपार रिकामी निघाली.
मत्स्य सोसायट्यांचे आम्ही अकरा सचिव,
गळ्यात सारख्या पट्ट्या,
परक्या शहराच्या चाळीस-चाळीस मजल्यांखालून चालत
एका पांढऱ्या भिंतीपाशी आलो. भिंतीला गोल दार.
आत शिरताना सगळ्यांनी मान वाकवली,
दार पुरेसं उंच असून.

आत तळं. आमच्या बोडीहून लहान.
पाण्यात तांबडे-पिवळे सिप्रिनस,
मी सवयीनं वजन धरलं: तीन किलो, साडेतीन.
त्यांना कोणी खात नाही म्हणे.
म्हातारे होऊन मरतात.

हे सगळं इस्तारी दिघोरेला सांगितलं
तलावाच्या पाळीवर, तो फाटकं जाळं सांधत असताना.
पूल सरळ नव्हता, नऊ ठिकाणी वळलेला,
कारण तिकडच्या भुताला वळता येत नाही.
इस्तारी दातात दोरा धरून हसला,
"आमचे तं धुऱ्याधुऱ्यानं येतेत बाप्पा,
येक बी वळन चुकत नाई."

मग खिडकीचं सांगितलं.
भिंतीत नुसती चौकट, ना गज ना झडप.
बांधणाऱ्यानं तिच्यात दूरचा डोंगर बसवला होता.
डोंगर बागेचा नव्हता, उसना घेतलेला.
आता तिथून क्रेन दिसते, पिवळी,
सावकाश फिरते,
आणि तळ्यातले मासे तिची सावली ओलांडतात.

"उसना आनला तं वापस करा लागनच ना,"
इस्तारी म्हणाला, आणि गाठ मारली.

आमच्या सोसायटीच्या खोलीला
सात वर्षं खिडकीची जागा आहे, खिडकी नाही.
पैसे तालुक्याला अडकलेले.
त्या भोकातून पहाडी दिसते, मोहाची झाडं,
खाली शिंगाड्याचे वेल, जांभळी पाणकोंबडी,
कंबरभर पाण्यात घमेलं ढकलत वंछलाबाई.
तिथं बसून मी हिशेब लिहितो.
कित्येकदा बेरीज चुकली आहे.

यंदा पैसे आले. लोखंडी खिडकी, गजांसकट.
सभेला पंधरा जण. इस्तारी दाराशी, उकिडवा.
कोणी काही बोलेना.
पहाडीवर एक लाल गाय चढत होती,
ती भोकाच्या वरच्या विटेला टेकेपर्यंत आम्ही थांबलो.

इतिवृत्तात लिहिलं:
विषय क्रमांक चार, खिडकी.
पुढील सभेपर्यंत तहकूब.