प्ले

वरणात पळी फिरावी तसा
फिरायचा गिअरचा दांडा.
दुसरा शोधावा तर चौथा हाती यायचा,
रिव्हर्स नशिबावर.
खालचा पाटणकर म्हणाला,
गिअरबॉक्स गेला मावशी, विका आता.

कंपनी बंद झाली तेव्हाच्या पैशांत
लोकांनी गावी घरं बांधली, मुली उजवल्या.
मी ही घेतली, दोन सीटची, लाल, सेकंडहँड.
घरात दोन दिवस कुणी बोललं नाही.

रविवारी ऐरोलीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये
जुनी सोलापुरी चादर अंथरून गाडीखाली गेले.
वॉचमन दुसरीकडे बघत राहिला.
गिअरबॉक्स ठणठणीत.
लिंकेजच्या टोकाला, दोन लोखंडांच्या मधे,
बुश असतो तिथे
तपकिरी चुरा, हिंगासारखा.
एवढंसं प्लास्टिक.

पार्ट मिळत नाही. कुर्ल्यात नाही, कुठेच नाही.
गाडी बनवणारा कारखानाच राहिला नाही.

मग कपाटातून व्हर्नियर काढला.
आतून दहा, बाहेरून चौदा पॉइंट दोन,
कॉलर दीड.
वीजबिलाच्या पाठीवर सेक्शन काढला, हॅचिंगसकट,
आणि सवयीने खाली कोपऱ्यात
सही, तारीख, स्केल.

रबाळ्यात घरतचं लेथ.
बापाची भातखाचरं होती म्हणे इथेच कुठेतरी,
आता गाळ्याचं भाडं भरतो.
कागद ट्यूबलाइटखाली धरून म्हणाला,
ड्रॉइंग कुणाचंय?
माझं.
त्याने एकदा माझ्या नखांतल्या ग्रीसकडे बघितलं,
काही न बोलता नायलॉनचा रॉड चकमध्ये आवळला.
पांढऱ्या शेवया उडत राहिल्या
त्याच्या चपलांवर, माझ्या पदरावर.
लागतात दोन, केले तीन.
एक हरवतोच, म्हणाला.
ऐंशी रुपये. चहा त्याचाच.

अंगठ्याने दाबला, तर टक्.
इतका छोटा आवाज,
गाडीखाली पडून मी तो पुन्हा ऐकावा म्हणून
काढला, आणि पुन्हा बसवला.

आता जो तो गिअर आपापल्या घरात.
पण मनगटाला अजून कळलेलं नाही.
अकरा वर्षं ते तिसऱ्यासाठी
दोन बोटं पलीकडे जायला शिकलंय,
जरासं उचलून, जरासं समजावून.

काल दिघ्याचा सिग्नल सुटला,
दुसऱ्यातून हात गेला तसाच, जुन्या वाटेने,
आणि पडला पाचवा.
गाडी थरथरली.
मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात
पुलापर्यंत काढला नाही.