पक्का रंग

मे महिना. धंतोलीत डांबर चपलेला चिकटतं.
कुरिअरवाला थर्माकोलचा डबा टेबलावर ठेवून
आधी कूलरसमोर उभा राहतो, मग सही मागतो.
डब्यात बर्फ, बर्फात करंगळीएवढी बाटली,
बाटलीत एका उंदराची आठवण.

कुठल्याशा परक्या शहरात त्याला कधीतरी काही टोचलं,
त्याच्या प्लीहेतल्या एका पेशीनं ते ओळखून ठेवलं.
पण पेशीच ती, चार दिवसांत मेली असती.
म्हणून तिचं लग्न लावलं कॅन्सरच्या पेशीशी,
जिला मरणं जमत नाही.
उंदीर केव्हाच गेला.
ती अजून नांदतेय.

ब्लॉक ११४२. निखारे सुभद्रा, बावन्न, गोळीबार चौक.
मेणातून कापलेला पापुद्रा काचेवर घेतला,
प्रेशर कुकरमध्ये उकळला
(आमच्या कुकरला शिट्टी नाही, मी तरी कान देते),
मग दोन थेंब. अर्धा तास.

ब्लॉक घेऊन बाई स्वतःच आल्या होत्या, रुमालात बांधून.
सूत रंगवण्यात जन्म गेला,
नखांच्या कडेला अजून निळं.
मी समजावलं, रंग चढला तर एक औषध लागू पडेल,
नाही चढला तर दुसरं बघू.
"मंग चढू द्या ना बापा," म्हणाल्या,
"पण पक्का पाह्यजे.
धुतल्यावर जाते त्याले का रंग म्हणतेत?"

धुतलं. तीनदा.
भिंगाखाली निळ्या ठिपक्यांभोवती तपकिरी,
एकेका पेशीला चहूबाजूंनी काठ,
कुठे उसवलेला नाही.
तीन प्लस.
गाठ दांडगी, आणि तिच्यावर इलाज आहे;
दोन्ही एकाच आकड्यात.
औषधही ह्याच जातकुळीचं,
उंदराचं कमी, माणसाचं जास्त,
वर्षभरात अठरा वेळा सलाईनमधून.
पैशांचं मला विचारू नका,
त्याची खिडकी खाली आहे, जेवणाच्या सुट्टीत बंद.

आईचा फोन. पिंजऱ्यात सापडला एकदाचा,
बादलीत बुडवू का?
म्हटलं, थांब. मी येते.
येऊन काय करणार, ते नाही सांगितलं.
मलाही माहीत नव्हतं.

सही करायला मॅडम चारला येतात.
तोवर मी काच पुन्हा भिंगाखाली सरकवली.
होता.