हातचे दोन

पुंता अरेनासला वारा असा,
की दुकानाचं दार उघडणारा आधी शिव्या खातो
कारण टेबलावरचे पत्ते उडतात.
हार्डवेअरच्या दुकानामागची खोली,
खिळ्यांची खोकी, गॅसची शेगडी,
दर गुरुवारी आम्ही अकरा जण,
त्यात नेल्दा म्लादिनिच, वय एकोणसत्तर,
बंदराच्या रेडिओ केबिनमधून निवृत्त.

माझ्या गड्डीत आगीचे बैल होते.
टाकला की धडक,
धडक बसली की तिचे तीन प्राण कमी.
पहिल्या खेळीत टाकला. दुसऱ्या खेळीत टाकला.
ती म्हणाली, "बरं,"
आणि एक फिकट पत्ता ठेवला.
त्यावर नुसतं खिडकीचं चित्र,
खाली एक ओळ: दोन पत्ते उचला.

एवढंच.
ना आग, ना शिंगं.
असले पत्ते दुकानात बुटांच्या खोक्यात पडून असतात,
पोरं चाळतात आणि परत टाकतात.
मला तिची कीव आली होती.
आज कबूल करतो.

शाळेत शिकवतात ना,
आठ नि पाच तेरा, तीन लिहा, हातचा एक.
कागदावर दिसतो तो तीन.
बेरीज पुढे नेतो तो हातचा.

सहाव्या खेळीला मोजलं:
तिचे प्राण सात, माझे वीस.
माझ्या हातात पत्ता एक, तिच्या हातात आठ.
दारातून कुणी डोकावलं असतं
तर मीच जिंकतोय म्हणाला असता.

हातात एकच पत्ता उरला
की त्याला हुकमाचा पत्ता म्हणू नये.
हुकूम तो देतो, आपण नुसते हमाल.
दोन असले की माणूस जरा थांबतो.
आठ असले
की थांबतो तो समोरचा.
मी तिच्या पत्त्यांच्या आठ पाठी बघत बसलो,
आठही सारख्याच निळ्या,
आणि प्रत्येकीमागे माझं मरण
माझं मीच लिहीत गेलो.

मग एकेका बैलाला वेसण पडली.
मी म्हणालो, नशीब तुमचं, नेमका पत्ता आला.
"आला नाही," ती म्हणाली, "मी त्याच्यापर्यंत चालत गेले.
तू दारात बसून वाट बघत होतास."
शेगडीवर हात शेकत पुढे म्हणाली,
"वादळात कप्तान विचारायचे, आत येऊ का?
मी आधी बाहेरच्या दोन बोटींना विचारायची, मग उत्तर द्यायची.
तेवढ्यात ते मला काय काय म्हणायचे,
ते तुला सांगत नाही."

हिवाळाभर हरलो.

पण आमच्या खेळात एक नियम आहे:
उचलायची वेळ आली आणि गड्डीत पत्ताच नसला
की तो मेला.
ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी पाहिलं,
तिच्या गड्डीत चारच उरलेत.
मी एकही बैल सोडला नाही,
जन्मात पहिल्यांदा हातचं राखून खेळलो.
चार. तीन. दोन. एक.
तिचा हात गेला तिथे नुसतं लाकूड.
तिने ते थोपटलं, कुत्र्याला थोपटावं तसं.

मग हातातले नऊच्या नऊ उलटे करून मांडले.
"याने तू मागच्याच खेळीत मेला असतास.
या दोघांनी मिळून, हळूहळू.
हा काही कामाचा नाही, चित्र आवडतं म्हणून ठेवते."
"मग टाकले का नाहीत?"
बराच वेळ ती पत्ते सरळ करत राहिली.
"पुढचा याहून बरा येईल,
असं वाटत गेलं," म्हणाली.

परतताना वाऱ्यासाठी बांधलेला
रस्त्याकडेचा दोर एका हाताने धरला होता.
दुसरा हात खिशात,
शंभर पेसोला घेतलेल्या खिडकीवर.
ती गड्डीत घालायची
तर एक बैल काढावा लागेल.
कुठला, ते अजून ठरत नाही.