चार टक्के

नाव सामंजस्य करार.
बारा पानं, दर पानावर दोन सह्या,
मुख्याधिकाऱ्यांची निळी, कुलसचिवांची हिरवी.
शिक्के मी मारले. आठव्या पानावर एक उलटा बसला,
तो तसाच आहे.
आठव्या पानापर्यंत कुणी गेलेलं नाही.

नगरपरिषदेनं द्यायची एक खोली, दोन टेबलं, दुपारचा चहा
आणि 'उपलब्ध माहिती'.
विद्यापीठानं द्यायचा कंधारच्या पोटातला नकाशा,
कोणती नळी कुठून निघते, कुठं मरते.

उपलब्ध माहिती म्हणजे गौसमामू.
जुना नकाशा पुराच्या साली कपाटासकट भिजला,
तेव्हापासून गावाचं पाणी
या एका माणसाच्या टाचेत राहतं.
खांद्यावर लोखंडी चावी, छातीएवढी.
रस्त्यावर टाच आपटतो, आवाज ऐकतो,
म्हणतो, खोदा.
एकतीस वर्षं रोजंदारीवर.

नांदेडहून पोरं आली सकाळच्या एसटीनं,
भूगोल विभागाची. पाठीवर पिवळं यंत्र,
उपग्रहांना विचारून सांगणारं
की आपण नेमके कुठं उभे आहोत.
मामू म्हणाला, त्यांना कशाला तरास देता,
आपण कासारगल्लीत उभे हाव.

त्यात रेणुका इबितवार, वही दोरीनं गळ्यात बांधलेली.
तो टाच आपटायचा, ती उकिडवी बसायची,
खडूनं गोल, गोलात आकडा.
अठ्ठावीस नंबरचा वॉल आधी अर्धा आटा उलटा फिरवायचा,
मग सुलटा. नाहीतर रुसतो.
तिनं रकान्यात लिहिलं: रुसतो.
सोनटक्के सरांनी संध्याकाळी खोडून 'सदोष' केलं.
दुसऱ्या दिवशी तिनं सदोषच्या शेजारी, पेन्सिलीनं,
पुन्हा.

अकराव्या दिवशी तळ्याकडच्या उतारावर
मामूचा पाय उचलला गेला
आणि टाच पडली नाही.
साधं पाऊल पडलं. तो पुढं चालू लागला.
मे महिना. सगळं रान करपलेलं,
आणि तिथं हातभर जागेत
गवत.
पलीकडं मसणजोग्यांची सात पालं.
त्यांची नावं घरपट्टीच्या रजिस्टरात नाहीत,
रजिस्टर माझ्याच ताब्यात असतं, मला माहीत आहे.
एक पोरगी भरली कळशी डोक्यावर घेऊन
घाईनं पालात शिरली.

रेणुका थांबली. यंत्र टुक् वाजलं.
मामूनं मागं बघितलं नाही.
"काय लिहू लालीस, माय?"
"गवत," ती म्हणाली.

सर्वसाधारण सभेत अहवालाचं वाचन झालं.
टाकीतून निघालेलं पाणी, नळांना पोचलेलं पाणी,
तफावत चार टक्के, कारण अज्ञात.
कुणीतरी विचारलं, चार टक्के जातंय कुठं?
सरांनी रेणुकाकडं बघितलं.
रेणुका पंख्याकडं बघत होती.
मी इतिवृत्त लिहीत होतो, मान वर करायचं
मला काही कारण नव्हतं.
दाराशी चावी टेकून मामू उभा.
"मुरत असंल जमिनीत," मागच्या बाकावरून आवाज आला.
सूचक, अनुमोदक. अज्ञात
एकमतानं मंजूर.

नकाशा आता साहेबांच्या दालनात काचेआड आहे.
एक्केचाळीस लाल गोल,
आणि तळ्याकडच्या उतारावर एक बारीक हिरवं टिंब.
सूचीत खाली, सगळ्यात लहान अक्षरात:
गवत (बारमाही).

मामूचं नाव शेवटच्या पानावर, आभारात,
'स्थानिक माहितगार' म्हणून.
कायम करण्याची फाईल वेगळी आहे, ती वर गेलीय,
आणि वरून अजून काही आलेलं नाही.
परवा पगाराला अंगठा द्यायला आला
तेव्हा तो दालनात डोकावला.
बराच वेळ काचेसमोर उभा राहिला, वाचता येत नसताना.
मग फरशीवर त्यानं टाच आपटली,
एकदाच,
कान देऊन ऐकलं
आणि चावी उचलून निघाला.
गुरुवार होता. कासारगल्लीचा वार.