पत्रे

पुन्ता अरेनासमध्ये, बंदरामागच्या गल्ल्यांत,
नगरपालिका दर वसंतात दोरखंड बांधते
चौकातल्या या खांबापासून त्या खांबापर्यंत,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
बाकी या वस्तीसाठी तिने फारसं काही केलेलं नाही.
लोकरीची गोदामं बंद पडली, कत्तलखाना बंद पडला,
आणि आम्हाला वाऱ्यावर सोडलं.
हे इथे कुणी वाक्प्रचार म्हणून म्हणत नाही.

मग एके दिवशी मला पत्र आलं:
चौकात वाऱ्यावर चालणारं एक शिल्प हवं.
उंची अकरा मीटर, खर्च बेताचा,
ताशी एकशे तीस किलोमीटरला टिकलं पाहिजे.
खाली इंजिनिअर ओयार्सोची सही.

एदेल्मिरा बार्रिया म्हणाली,
"साठ वर्षं मी दारं लावत आले,
फटींत लोकर कोंबत आले,
आणि तू पैसे घेऊन त्याला चौकात बोलावणार?"

मी गप्प.
तिच्या शेगडीवर किटलीचं झाकण थडथडत होतं.
निघताना तिच्या छपराकडे पहिल्यांदा नीट पाहिलं:
अर्धं पिवळं, अर्धं हिरवं.
"पिवळे पत्रे यानेच नेले,"
ती समुद्राकडे हनुवटी करत म्हणाली,
"नवरा बोटीवर होता तेव्हा.
हिरवे कुणाचे, देव जाणे.
अंगणात येऊन पडले होते, मी ठोकून टाकले."

महिनाभर ओविदियो आणि मी ट्रक घेऊन हिंडलो.
कोंबड्यांच्या खुराड्यांवर,
कबरस्तानाच्या भिंतीला टेकलेले,
माळावरच्या काटेरी झुडपांत
मेंढ्यांच्या लोकरीसकट अडकलेले,
लाल, निळे, विटकरी,
एकावर कुण्या बेकरीच्या नावाची शेवटची तीन अक्षरं.
सापडले ते कापले, त्यांची पाती केली,
कडा दुमडल्या, कुणाचा गळा चिरू नये म्हणून.

पिवळा एकच मिळाला,
एका पालथ्या होडीला ठिगळ म्हणून मारलेला.
मालकाने बदल्यात नवा पत्रा मागितला, आणि दोन बाटल्या.
एदेल्मिराने खिळ्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं.
"माझा नाही. भोकं फार सरळ ओळीत आहेत.
माझ्या नवऱ्याला एवढं जमलं नसतं."

पहिल्या चाचणीत पाती ताठ ठेवली होती.
दोन तासांत तीन मोडली.
ओविदियोने वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सारला.
"वारा येईल तशी पाठ द्यावी, पोरी.
आपल्याला येतं ते. लोखंडाला शिकवावं लागेल."
मग बिजागऱ्या बसवल्या.
आता मोठा झोत आला की प्रत्येक पातं मान वळवतं,
कोपऱ्यावर आम्ही वळवतो तशी.

उद्घाटनाच्या दिवशी वारा पडला.
असा दिवस इथे वर्षातून एखादा.
फीत सरळ लोंबत राहिली.
बँडवाल्यांनी चिमटे लावून आणलेले कागद
चिमट्यांशिवायही राहिले असते.
ओयार्सो आकाशाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.
एका पोराने गाल फुगवून फुंकर मारली.
लोक हसले, केक खाल्ला,
आणि दोर न धरता घरी गेले,
जरा अडखळत,
हातांचं काय करावं ते न कळून.

रात्री तीनला जाग आली.
आधी एकच पातं. मग दोन.
मग सगळी मिळून,
दूरच्या घरात जेवणं उरकल्यावर
माणसं बोलत बसावीत तसं काहीतरी,
शब्द न कळणारं.
मी उठले नाही.
अंधारात पडल्या पडल्या ओळखत राहिले,
हे खुराड्यावरचं, हे कबरस्तानातलं,
हे बेकरीचं असावं.

सकाळी दार वाजलं.
एदेल्मिरा. डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी धरलेला,
डोळ्यांत पाणी, ते वाऱ्याचंच.

"माझं पिवळं रात्रभर कुरकुरतंय," ती म्हणाली.
"तेल घे. आणि शिडी."